शिकारी पक्ष्यांचे ध्वनिमुद्रण : पुण्याच्या रानांत नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

पुणे परिसरात पक्ष्यांची छायाचित्रे काढणारे पुष्कळ आहेत. रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी लांब लेन्स खांद्यावर टाकलेली माणसे जागोजागी भेटतात. त्या मानाने पक्ष्यांचे आवाज मुद्रित करणारे विरळा, आणि त्यांतही सर्पगरुड, मोरघार, शिक्रा अशा शिकारी पक्ष्यांच्या मागे लागणारे आणखी कमी. याला कारण आहे. दयाळ सकाळी एकदा गायला लागला की बराच वेळ गात राहतो, त्यामुळे यंत्र काढून, जुळवून, सावकाश मुद्रण करण्याइतकी उसंत मिळते. शिकारी पक्षी मात्र तासन्‌तास गप्प असतो, अचानक दोन-तीन शिट्ट्या मारतो आणि डोंगराच्या पलीकडे निघून जातो. पिशवीची चेन उघडेपर्यंत सगळे संपलेले असते. म्हणून या कामाची पद्धत मुळातच वेगळी ठेवावी लागते. योग्य जागी यंत्र आधीच चालू करून बसायचे, आणि ओरडला तो पक्षी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून खात्री करायची, या दोन गोष्टी जमल्या की बाकीचे सवयीने येते.

आधी कान तयार करावेत

यंत्र विकत घेण्यापूर्वी महिनाभर नुसते ऐकावे. पुणेकरांना त्यासाठी रानात जाण्याचीही गरज नाही. घार शहरभर आहे, आणि तिची लांबलचक, थरथरत खाली येणारी शीळ बहुतेकांनी ऐकलेली असते, मात्र ती घारीची आहे हे अनेकांना माहीत नसते. शिक्रा विद्यापीठाच्या आवारात, वेताळ टेकडीवर, एम्प्रेस गार्डनसारख्या जुन्या झाडांच्या बागांत आढळतो. त्याची हाक दोन स्वरांची असते, ‘पि-वीऽ’ अशी. पहिला स्वर उंच आणि तुटक, दुसरा लांबलेला. उडताना तो याहून आखूड, ‘किक्‌-की, किक्‌-की’ असा आवाज काढतो. मार्चपासून जूनपर्यंतच्या विणीच्या काळात, विशेषतः त्याच्या सुरुवातीला, शिक्र्याची जोडी बरीच बोलते, त्यामुळे नवख्यांनी पहिला शिकारी पक्षी म्हणून शिक्र्याचीच निवड करावी असे माझे मत आहे.

रानातला मुख्य आवाज सर्पगरुडाचा. सह्याद्रीत हिवाळ्याच्या अखेरीस ऊन वर आले की तो जंगलावर घिरट्या घालू लागतो आणि घिरट्या घालतानाच ओरडतो. पहिला स्वर उंच आणि चढता, त्यामागे दोन आखूड स्वर, ‘क्लुईऽ-विप्‌-विप्‌’ असे काहीसे. हा आवाज इतका लांबवर जातो की पुष्कळदा पक्षी आकाशात ठिपक्याएवढा दिसत असतो आणि शीळ मात्र डोक्यावरून आल्यासारखी वाटते. मोरघारीची हाक वेगळी आहे. ती ‘कि-कि-कि-कि’ अशी आखूड स्वरांनी सुरू होते, प्रत्येक स्वर आधीच्या स्वराहून जोरकस होत जातो आणि शेवटी एक लांब ‘किईऽऽ’ येते. घरट्यातून नुकतेच बाहेर पडलेले मोरघारीचे पिल्लू तर भुकेसाठी सतत ओरडते, आणि अशा वेळी एकाच झाडाच्या परिसरातून बराच काळ आवाज येत राहतो.

काळा गरुड आणि मधुबाज यांच्या बाबतीत फार आशा धरू नये. दोघेही एरवी अबोल आहेत. ताम्हिणीच्या कड्यांवरून काळा गरुड झाडांच्या शेंड्यांना जवळजवळ चिकटून संथपणे तरंगत जातो, पण तो ओरडेल म्हणून त्याच्या मागे धावणाऱ्याच्या हाती सहसा वाऱ्याचा आवाज लागतो. घुबडे हाही शिकारी पक्ष्यांचाच भाग, मात्र त्यांचे मुद्रण रात्रीचे असते. त्यासाठी परवानगी, सोबत आणि पद्धत सगळेच निराळे लागते, म्हणून या लेखात दिवसा उडणाऱ्या पक्ष्यांपुरतेच बोलू.

यंत्र कोणते घ्यावे

सुरुवात हातातल्या मोबाइलने करावी. मर्लिन हे कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचे मोफत ॲप आवाज मुद्रित करते, त्याचे चित्र पडद्यावर दाखवते आणि पक्ष्याचे नावही सुचवते. ते सुचवलेले नाव हा अंदाज समजावा, निर्णय समजू नये. शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत तर अजिबात नाही, याचे कारण पुढे येईल. मोबाइलने जवळच्या शिक्र्याचे मुद्रण चांगले होते. उंचावर फिरणाऱ्या सर्पगरुडाचे मात्र क्षीण येते आणि त्यात पार्श्वभूमीचा सुसाट आवाज अधिक असतो.

पुढची पायरी म्हणजे हातात मावणारा रेकॉर्डर. झूम आणि टॅस्कॅम या दोन कंपन्यांचे लहान रेकॉर्डर आपल्याकडे सहज मिळतात. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. तो ‘वेव्ह’ स्वरूपात, म्हणजे आवाज न दाबता, फाइल साठवतो का. त्यात आवाजाची पातळी हाताने ठरवता येते का. आणि त्यात पूर्वमुद्रणाची सोय आहे का. पूर्वमुद्रण म्हणजे बटण दाबण्याच्या आधीचे साधारण २ सेकंद यंत्राने आपल्या स्मृतीत धरून ठेवलेले असतात आणि ते फाइलच्या सुरुवातीला जोडले जातात. गाणाऱ्या पक्ष्यांसाठी ही चैन आहे. सर्पगरुडाची सगळी हाकच दोन-तीन सेकंदांत आटोपते, तेव्हा इथे ती गरज ठरते.

रेकॉर्डरचे अंगचे मायक्रोफोन चहूकडचा आवाज घेतात. एका दिशेचा आवाज वेगळा काढायचा असेल तर बंदुकीच्या नळीसारखा दिसणारा शॉटगन मायक्रोफोन किंवा अंतर्गोल तबकडी लागते. तबकडीबद्दल नवख्यांना फार आकर्षण असते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. तबकडी दुरून येणाऱ्या ध्वनिलहरी एका बिंदूवर गोळा करते आणि त्या बिंदूवर मायक्रोफोन बसवलेला असतो. पण तिला आपल्या आकारापेक्षा फार मोठ्या लहरी पकडता येत नाहीत. १ किलोहर्ट्झ वारंवारतेच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर असते आणि २ किलोहर्ट्झची सुमारे १७ सेंटिमीटर, त्यामुळे ५० ते ६० सेंटिमीटर व्यासाची तबकडी शिकारी पक्ष्यांच्या शिट्ट्यांसाठी उत्तम काम देते. घुबडाच्या घुमणाऱ्या आवाजाच्या लहरी मीटरभर लांब असू शकतात. तिथे तीच तबकडी जवळजवळ निरुपयोगी ठरते. शिवाय तबकडी अचूक दिशेने धरावी लागते. पक्षी फांदीवर बसलेला असेल तर ते सोपे आहे, पण तो घिरट्या घालत असेल तर तबकडी सतत त्याच्यामागे फिरवावी लागते, आणि जरा चुकली की आवाज एकदम बुजतो. माझा सल्ला असा की पहिला हंगाम तबकडीशिवाय काढावा. शॉटगन मायक्रोफोन घेतल्यास त्याला बहुधा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे रेकॉर्डरकडून तारेतून मायक्रोफोनला मिळणारी वीज, लागतो. तो आपल्या रेकॉर्डरमध्ये आहे की नाही हे दुकानातच तपासून घ्यावे.

दोन स्वस्त वस्तूंवर मात्र कधीही काटकसर करू नये. एक म्हणजे मायक्रोफोनवर घालायचे केसाळ आवरण. सोबत मिळणारी स्पंजची टोपी घाटमाथ्यावर पुरत नाही. कड्यावर वाऱ्याची जराशी झुळूक आली तरी मुद्रणात गादी झोडपल्यासारखे धप्प-धप्प आवाज येतात, आणि ते नंतर काढता येत नाहीत. दुसरी वस्तू म्हणजे कान पूर्ण झाकणारा हेडफोन. आपला मेंदू नको ते आवाज आपोआप गाळतो, मायक्रोफोन गाळत नाही. हेडफोन लावल्यावरच कळते की दूरच्या रस्त्यावर ट्रक चढ चढतो आहे आणि शेजारचा माणूस च्युइंगम चघळतो आहे.

घरीच करायची जुळवणी

रानात गेल्यावर यंत्राच्या मेन्यूत शिरणे म्हणजे हातची हाक घालवणे, म्हणून सर्व जुळवणी आदल्या रात्री करावी. फाइल वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर ठेवावी. या मापाने दोन वाहिन्यांच्या मुद्रणाला मिनिटाला सुमारे १७ मेगाबाइट, म्हणजे तासाला साधारण १ गिगाबाइट जागा लागते. ३२ गिगाबाइटचे कार्ड दिवसभर चालू ठेवले तरी भरत नाही. जागा वाचवण्यासाठी एमपी३ वापरण्याचे कारणच उरत नाही. एमपी३ स्वरूपात आवाजाचे बारीक तपशील कायमचे निघून जातात आणि पुढे अभ्यासासाठी त्या फाइलची किंमत कमी होते.

पातळी आपोआप बदलणारी सोय आठवणीने बंद करावी. ती चालू असली की शांततेत यंत्र स्वतःहून पातळी वाढवते, पक्षी ओरडताच ती खाली खेचते, आणि हाकेचा मूळ चढउतार बिघडतो. हाताने पातळी ठरवताना सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे (यंत्राच्या मापावर शून्य ही कमाल मर्यादा असते). आवाज थोडा कमी आला तरी २४ बिटमध्ये तो नंतर वाढवता येतो. मर्यादेबाहेर जाऊन फाटला तर दुरुस्त होत नाही. ३२ बिट फ्लोटची सोय असलेल्या नव्या रेकॉर्डरांत ही चिंता बरीच कमी होते.

यंत्राचे घड्याळ बरोबर लावावे. ही बाब क्षुल्लक वाटते, परंतु वहीतली वेळ आणि फाइलमधली वेळ जुळली नाही तर तीन तासांच्या मुद्रणात एक शीळ शोधणे फार कंटाळवाणे होते. नवे सेल, जादा सेल, मोकळे कार्ड आणि पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या, एवढे घेतले की तयारी झाली. घाटमाथ्यावरच्या दमट हवेत मायक्रोफोन कुरकुर करू लागतात, म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी ह्या पुड्या विसरू नयेत.

जागा आणि वेळ

इथे पक्षीनिरीक्षकांची एक जुनी सवय मोडावी लागते. पहाटे जाऊन नऊच्या सुमारास मिसळ खायला परत निघायचे, हा पुण्याचा रिवाज छोट्या पक्ष्यांसाठी ठीक आहे. मोठे शिकारी पक्षी जमीन तापून गरम हवा वर चढू लागल्यावर आकाशात उतरतात, आणि सर्पगरुडाच्या शिट्ट्या साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान अधिक ऐकू येतात. म्हणजे आपण परतीच्या वाटेवर असतो तेव्हा खरा कार्यक्रम सुरू होतो. तरीही जागेवर लवकरच पोचावे, कारण आपण येऊन बसल्यानंतर रान पुन्हा निवांत व्हायला वेळ लागतो. अकरानंतर वारा वाढतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी घाटमाथ्यावर पश्चिमेकडून इतका जोराचा वारा येतो की यंत्र बंद केलेले बरे.

हंगाम डिसेंबर ते मे असा धरावा. याच काळात बहुतेक स्थानिक शिकारी पक्ष्यांची जोड्या जुळवणे, हद्द सांभाळणे आणि वीण चालते. मात्र मे महिन्यात सदाहरित पट्ट्यात सिकाडा नावाच्या झाडावरच्या किड्यांचा कर्कश गजर दिवसभर चालतो, आणि तो सुरू झाला की मुद्रणाला फारसा अर्थ राहत नाही. त्या दृष्टीने फेब्रुवारी आणि मार्च हे उत्तम महिने. फक्त तेव्हा सागाची आणि ऐनाची वाळलेली पाने पायाखाली इतकी वाजतात की चालत मुद्रण करणे अशक्य होते. त्यामुळे आपोआपच एका जागी बसण्याची शिस्त लागते.

जागा निवडताना दरीच्या काठावरची, समोर उघडे आकाश आणि खाली दाट झाडी असलेली जागा पाहावी. अशा ठिकाणी पक्षी पुष्कळदा आपल्या डोळ्यांच्या पातळीला किंवा खालून जातो आणि अंतर कमी होते. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो, तेव्हा महागडा मायक्रोफोन घेण्यापेक्षा योग्य दगडावर बसण्याने अधिक फायदा होतो. उंच कड्याला अगदी पाठ लावून मात्र बसू नये, कारण कड्यावरून परतणारा प्रतिध्वनी हाकेत मिसळतो.

सिंहगडाच्या घेऱ्यात आतकरवाडीच्या बाजूची झाडी सरावासाठी सोयीची आहे, परंतु शनिवार-रविवारी घाटरस्त्यावरच्या दुचाकींचा आवाज दरीत भरून राहतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे. ताम्हिणी परिसर आवाजांच्या दृष्टीने अधिक समृद्ध आहे. तिथे २०१३ मध्ये अभयारण्य घोषित झाले, त्यामुळे आत जाण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. भीमाशंकर अभयारण्य १९८५ पासून आहे. तिथे देवस्थानाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून दूर, आहुप्याच्या बाजूला गेल्यास शांतता मिळते; महाशिवरात्रीच्या आसपास त्या भागात जाऊच नये. भीमाशंकरचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे शेकरू. मोठा शिकारी पक्षी जवळ आला की शेकरू शेंड्यावरून खडखडाट करतो, आणि तो खडखडाट ऐकून अनुभवी माणूस लगेच आकाशाकडे पाहतो. सातभाईंचा गलका आणि डोमकावळ्यांची एकाच फांदीभोवतीची कावकाव याही अशाच खुणा आहेत.

स्थानिक लोकांना विचारण्यात संकोच करू नये. गुरे राखणाऱ्या माणसाला ‘दादा, इकडे मोठी घार रोज कुठल्या झाडावर बसते?’ असे विचारले तर नेमके झाड कळते. सर्पगरुड, मोरघार, बाज या सगळ्यांना अनेक ठिकाणी घारच म्हणतात, त्यामुळे जातीचे नाव घेऊन विचारले तर उत्तर मिळत नाही, पण झाड, वेळ आणि दिशा त्यांना पुस्तकापेक्षा अचूक माहीत असते.

प्रत्यक्ष मुद्रण

जागेवर पोचल्यावर मोबाइल विमान-अवस्थेत टाकावा; एरवी त्याच्या संदेशांची टर्रटर्र तारेतून मुद्रणात उतरण्याचा धोका असतो. रेकॉर्डर हातात न धरता छोट्या ट्रायपॉडवर ठेवावा. हातात धरलेल्या यंत्रावर बोट सरकले तरी मोठा खरखराट होतो. ट्रायपॉड नसेल तर घडी केलेल्या पंचावर यंत्र ठेवले तरी चालते. स्वतः यंत्रापासून चार-पाच पावले दूर बसावे. नायलॉनचे विंडचीटर खसखसतात, म्हणून सुती कपडे घालावेत, आणि डबा, पाण्याची बाटली, दुर्बीण हे सर्व बसण्याआधीच बाहेर काढून ठेवावे. वेल्क्रोची पट्टी असलेली पिशवी तर घरीच ठेवलेली बरी.

आता यंत्र चालू करून ते चालूच ठेवावे. दर तासाला एकदा थांबवून पुन्हा सुरू करावे, म्हणजे फाइली फार लांब होत नाहीत आणि एखादी बिघडली तरी सगळी सकाळ वाया जात नाही. एका हातात वही आणि समोर घड्याळ ठेवून वेळेची नोंद करत जावी : ९.४२, सर्पगरुड, उत्तरेकडून, उडताना, दोनदा. इतके पुरे असते.

हाक आली की ताबडतोब बोलू नये. हा मोह फार अनावर असतो, ‘गरुड, गरुड!’ असे कुजबुजणे पुष्कळांच्या पहिल्या मुद्रणात हाकेच्या नेमके मध्ये सापडते. हाकेनंतर निदान दहा सेकंद थांबावे, कारण अनेकदा जोडीदार उत्तर देतो किंवा तोच पक्षी पुन्हा ओरडतो. सगळे शांत झाल्यावर यंत्राच्या दिशेने हळू आवाजात पक्ष्याचे नाव, तो दिसला की नुसता ऐकू आला, काय करत होता, साधारण किती दूर होता, हे सांगावे. अशी बोललेली नोंद फाइलपासून कधीच वेगळी होत नाही, हा वहीपेक्षा तिचा मोठा फायदा.

दोघे असल्यास काम वाटून घ्यावे : एकाने फक्त दुर्बिणीतून आकाश पाहावे, दुसऱ्याने मायक्रोफोन सांभाळावा. बोलण्याऐवजी हाताच्या खुणा ठरवून घ्याव्यात. तिसरा माणूस शक्यतो नसावा.

खोटे गरुड

पाहिल्याशिवाय नाव लिहू नये असे सुरुवातीला म्हटले, त्याचे कारण कोतवाल कुळातले पक्षी. साधा कोतवाल शिक्र्याची हाक हुबेहूब काढतो. शेपटीला लांब तारा आणि टोकाला पिसांचे झुबके असलेला भृंगराज तर या कलेत आणखी तरबेज असून ताम्हिणी आणि भीमाशंकरच्या दाट झाडीत तो बऱ्यापैकी आढळतो. शिकारी पक्ष्याच्या आवाजाने इतर पक्षी दचकून उडतात आणि त्यांच्या तोंडचा किडा कोतवालाला मिळतो, असे या नकलेचे एक स्पष्टीकरण दिले जाते. हरेवा, म्हणजे हिरवागार पर्णपक्षी, हाही शिक्र्याची नक्कल करतो. मर्लिनसारखे ॲप अशा वेळी निःशंकपणे ‘शिक्रा’ असे दाखवू शकते, कारण त्याला केवळ आवाज कळतो, तो कोणाच्या चोचीतून आला हे दिसत नाही.

नक्कल ओळखण्याची काही साधने आहेत. पहिले म्हणजे जागा. सर्पगरुडाची शीळ उघड्या आकाशातून न येता झाडीच्या मधल्या थरातून, डोळ्यांसमोरच्याच फांद्यांतून येत असेल तर संशय घ्यावा. दुसरे म्हणजे संगत. नकलाकार एकाच आवाजावर थांबत नाही. शिक्र्याच्या हाकेनंतर सेकंद-दोन सेकंदांत कुटुरग्याचा तुकडा, मग एखादी खरखर, मग स्वतःची धातूसारखी टणत्कारी हाक, अशी मिसळ तो वाढतो. म्हणूनच हाकेनंतर यंत्र चालू ठेवण्याला महत्त्व आहे. हाक संपताच बंद केलेल्या फाइलमध्ये हा पुरावा येतच नाही. इतके करूनही पक्षी दिसला नाही तर वहीत ‘शिक्र्यासारखा आवाज, पक्षी दिसला नाही’ असेच लिहावे.

घरटे, कायदा आणि आवाज वाजवण्याचा मोह

मुद्रित आवाज स्पीकरवर वाजवून पक्ष्याला जवळ बोलावण्याची पद्धत काही जण वापरतात. शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत ती पूर्णपणे टाळावी. हद्दीत परका नर आला असे समजून पक्षी अंडी किंवा पिल्ले सोडून येतो, आणि तेवढ्या अवधीत कावळ्याला घरटे मोकळे मिळते. शिवाय असा चिथावून मिळवलेला आवाज त्या पक्ष्याच्या नैसर्गिक वागणुकीची नोंद म्हणून कामाचा नसतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणे याचाही समावेश होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तेव्हा घरटे सापडले म्हणजे मुद्रणाची खाण सापडली असे मानू नये. घरट्याच्या झाडाखाली जाऊच नये. दूर बसलेले असतानाही पक्षी आपल्याकडे एकटक पाहू लागला, एकाच प्रकारची तुटक हाक पुनःपुन्हा देऊ लागला किंवा भक्ष्य पायात धरून घरट्यावर न उतरता फिरत राहिला, तर अडचण आपणच आहोत असे समजावे आणि सामान आवरून निघावे. त्या हाकेचे मुद्रण झालेच असेल तर नोंदीत ‘इशाऱ्याची हाक, माणसामुळे’ असे प्रामाणिकपणे लिहावे.

ऑडिओमॉथसारखी काडेपेटीहून थोडी मोठी स्वयंचलित यंत्रे झाडाला बांधून दिवसचे दिवस मुद्रण करता येते. अभ्यासासाठी ती उत्तम आहेत, मात्र वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय जंगलात कोणतेही यंत्र ठेवून येऊ नये.

घरी आल्यावर

कार्डावरील सर्व फाइली जशाच्या तशा संगणकावर आणि आणखी एका डिस्कवर उतरवाव्यात. मूळ फाइलला हात न लावता नेहमी तिच्या प्रतीवर काम करावे. वहीतल्या वेळा बघून हाका शोधाव्यात, आणि त्यासाठी ऑडॅसिटी किंवा रेव्हन लाइट या मोफत प्रणालींत आवाजाचे चित्र, म्हणजे स्पेक्ट्रोग्राम, उघडावा. यात डावीकडून उजवीकडे वेळ आणि खालून वर वारंवारता असते.

या चित्राची नजरेला सवय होणे हा या छंदातला मोठा आनंद आहे. सर्वांत तळाशी, १ किलोहर्ट्झच्या खाली, एक जाड करडा पट्टा सलग पसरलेला दिसतो. तो रस्ता, वारा आणि दूरच्या विमानाचा. वर, ४ किलोहर्ट्झच्या पुढे, सिकाडांचा दाट पडदा असतो. या दोहोंमधल्या मोकळ्या जागेत शिकारी पक्ष्यांच्या शिट्ट्या बहुधा स्वच्छ रेघांसारख्या उमटतात. सर्पगरुडाची पहिली रेघ वर चढत जाते, मागून दोन आखूड रेघा येतात. शिक्र्याच्या हाकेत आधी उंचावर एक ठिपका आणि नंतर त्याच्या किंचित खाली आडवी लांबलेली खूण दिसते. पक्षी जवळ असेल तर प्रत्येक रेघेच्या वर समान अंतरावर तिच्या फिकट प्रती दिसतात. दूर असेल तर त्या नाहीशा होतात, कारण उंच स्वर हवेत आणि पानांत लवकर विरतात. वहीत ‘सर्पगरुड, फार दूर’ असे लिहिलेले असेल आणि चित्रात तीन-चार प्रती ठळक दिसत असतील, तर जवळच्या फांदीवरच्या भृंगराजाची आठवण ठेवून ती नोंद पुन्हा तपासावी.

मुद्रणातून तुकडा काढताना हाकेच्या आधी आणि नंतर निदान ३ सेकंद मोकळे ठेवावेत. सर्वांत मोठा आवाज उणे ३ डेसिबलपर्यंत वाढवावा आणि त्यापलीकडे काही करू नये. खरखर काढणारी साधने वापरून मुद्रण कानाला गोड होते, परंतु त्यासोबत हाकेचे काही भागही निघून जातात. आपली बोललेली नोंद कापली तर तिच्यातील माहिती आधी लिहून घ्यावी. फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस, ठिकाण आणि पक्षी या क्रमाने माहिती घातली की संगणक त्या आपोआप तारखेवार लावतो.

चांगली मुद्रणे स्वतःपाशी ठेवण्यापेक्षा संग्रहात द्यावीत. ई-बर्ड या कॉर्नेलच्याच पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्या सकाळची पक्षीयादी भरून तिला आवाज जोडला की तो तिथल्या मॅकॉले ग्रंथालय या संग्रहात जमा होतो. झेनो-कँटो हा २००५ साली नेदरलँड्समध्ये सुरू झालेला संग्रह फक्त आवाजांचाच आहे आणि तिथे मुद्रणे क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांना खुली होतात. पक्षी ओळखता आला नाही तरी तिथे ‘अनोळखी’ म्हणून आवाज देता येतो आणि जाणकार आपले मत कळवतात. नोंद भरताना पक्षी दिसला होता की नाही, तो उडत होता की बसलेला, आवाज वाजवून बोलावला होता की नाही, हे रकाने रिकामे सोडू नयेत. घरट्याच्या परिसरातले मुद्रण असेल तर नेमक्या अक्षांश-रेखांशाऐवजी तालुक्याचे किंवा मोठ्या परिसराचे नाव द्यावे, आणि शक्य असल्यास वीण संपून पिल्ले उडाल्यानंतरच ते संग्रहात घालावे.